एकच क्रियापद, बारा काळ



दरवर्षी सहावीच्या नव्या तुकडीत मराठी शाळांतून आलेली काही मुले असतात. प्रवेश परीक्षेचा पेपर त्यांनी मराठीतून दिलेला असतो. इथे आल्यावर मात्र वर्ग, परेड, मेस, नोटीस बोर्ड, सगळीकडे इंग्रजी नाहीतर हिंदी. गणितात ही मुले कोणाला ऐकत नाहीत, क्रॉसकंट्रीत पुढे असतात, पण इंग्रजीच्या तासाला उत्तर येत असूनही त्यांचा हात वर जात नाही. कारण विचारले तर बहुतेक जण एकच सांगतात, "दादा, टेन्स चुकतो."

म्हणून या अंकाच्या मराठी पानावर मी इंग्रजीचा धडा लिहायचे ठरवले. हा धडा मराठीतूनच चांगला समजतो, कारण यातले बरेचसे आपल्याला आधीच येते. आपल्या आजोबांच्या पिढीतही अनेकांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन मराठीच्या आधारानेच इंग्रजी शिकले होते.

धड्यासाठी आपण एकच क्रियापद घेऊ, आणि तेही रोज हातात असणारे: पॉलिश. बूट, ब्रश, पॉलिशची डबी आणि शनिवारचे इन्स्पेक्शन हे सगळ्यांच्या ओळखीचे आहे. त्यामुळे वाक्य पाठ करावे लागणार नाही, प्रसंग डोळ्यांसमोर आणला की पुरे.

फक्त चार रूपे

आधी मराठी पाहू. मी बूट पॉलिश करतो. मुलगी असेल तर करते. तू करतोस किंवा करतेस, तुम्ही करता, ते करतात. नुसत्या साध्या वर्तमानकाळातच 'करणे'ची ही सहा रूपे झाली. भूतकाळात तर गंमत वाढते. मी बूट पॉलिश केला, दोन्ही बूट पॉलिश केले, चप्पल पॉलिश केली, बक्कल पॉलिश केले. करणारा मी एकटाच आहे, पण क्रियापद माझ्याकडे पाहतच नाही. ते पाहते ज्या वस्तूला पॉलिश केले तिच्याकडे. ती वस्तू पुल्लिंगी आहे की स्त्रीलिंगी, एक आहे की अनेक, हे आपण न चुकता, विचारही न करता बोलतो.

आता इंग्रजी पाहा. नियमित क्रियापदाला एकूण चार रूपे असतात:

१. पॉलिश: मूळ रूप
२. पॉलिशेस: 'ही', 'शी', 'इट' किंवा एकाच नावासाठी, साध्या वर्तमानकाळात
३. पॉलिश्ड: भूतकाळासाठी, आणि 'हॅव', 'हॅज', 'हॅड' यांच्या पुढे
४. पॉलिशिंग: काम चालू असल्याचे दाखवायला

बस्स. मुलगा असो वा मुलगी, एक बूट असो वा दहा, 'पॉलिश्ड' तेच राहते. ज्याला मराठीची एवढी रूपे जमतात त्याने या चारांना घाबरायचे कारण नाही.

'नियमित' याचा अर्थ एवढाच की तिसरे रूप शेवटी ई आणि डी ही अक्षरे जोडून तयार होते. 'गो'चे 'वेंट' होते तसे काही वेगळे पाठ करावे लागत नाही. मूळ शब्दाच्या शेवटी ई असेल, जसे 'सॅल्यूट'च्या स्पेलिंगमध्ये आहे, तर नुसता डी पुरतो. 'कॅरी'सारख्या शब्दात वायच्या आधी व्यंजन असते, म्हणून वाय जाऊन आय येतो आणि मग ई-डी. 'स्टॉप'मध्ये शेवटचा पी दोनदा लिहितात.

इंग्रजीत बाहेरून आलेल्या क्रियापदांनाही सहसा हाच नियम लागतो. 'लूट' हा आपल्याकडचा शब्द इंग्रजीत गेला आणि त्याचा भूतकाळ झाला 'लूटेड'. डोक्याची चंपी ज्या हिंदी 'चाँपना'शी नाते सांगते, त्याच शब्दापासून इंग्रजीत 'शॅम्पू' झाला आणि पुढे 'शॅम्पूड'. काही जुनी अनियमित क्रियापदेसुद्धा हळूहळू नियमित झाली. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' असा होता. आज कोणी तसे म्हणत नाही, 'हेल्प्ड' म्हणतात.

ई-डीचे तीन उच्चार

लिहिताना ई-डी एकच असले तरी बोलताना त्याचे तीन आवाज होतात. मोठ्याने वाचताना आपण इथेच अडखळतो.

शब्दाच्या शेवटी प, क, फ, स, श, च यांचा आवाज असेल तर 'ट' ऐकू येतो. म्हणजे लिहायचे पॉलिश्ड, पण म्हणायचे 'पॉलिश्ट'. तसेच 'मार्च्ट', 'हेल्प्ट'.

शेवटी स्वर असेल किंवा न, म, ल, र, व, झ असा घोष आवाज असेल तर 'ड' ऐकू येतो: 'क्लीन्ड', 'ऑर्डर्ड', 'कॅरीड'.

शेवटी ट किंवा ड यांचाच आवाज असेल तर मात्र 'इड' असा वेगळा उच्चार होतो: 'सॅल्यूटिड', 'रिपोर्टिड', 'लँडिड'.

गळ्यावर बोट ठेवून 'श' आणि 'न' म्हणून पाहा. 'श'ला गळा कापत नाही, 'न'ला कापतो. गळा न कापणाऱ्या आवाजापुढे 'ट' येतो, कापणाऱ्यापुढे 'ड'. ही परीक्षा रांगेत उभे असतानाही करता येते.

काम करणारे मदतनीस

चार रूपांतून बारा काळ होतात ते सहायक क्रियापदांमुळे. ॲम, इज, आर, वॉज, वेअर हे एक घराणे. हॅव, हॅज, हॅड हे दुसरे. विल हे एकटेच. आणि डू, डज, डिड हे नकार व प्रश्नांच्या कामाला.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मराठीत भविष्यकाळाची स्वतःची रूपे आहेत: करीन, करशील, करील, करू, कराल, करतील. इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचे वेगळे रूपच नाही. 'विल' पुढे उभे केले आणि मूळ 'पॉलिश' तसेच ठेवले की काम झाले. जुन्या पुस्तकांत 'आय' आणि 'वी' यांच्यापुढे 'शॅल' दिसेल. आज दोघांनाही 'विल' चालते.

शनिवारच्या इन्स्पेक्शनचे बारा काळ

प्रत्येक वाक्य वाचताना आपण कुठे उभे आहोत ते डोळ्यांसमोर आणा.

वर्तमानकाळ

साधा: आय पॉलिश माय शूज एव्हरी नाइट. ही रोजची सवय आहे, या क्षणी ब्रश हातात असेलच असे नाही. मित्राबद्दल सांगायचे तर: ही पॉलिशेस हिज शूज एव्हरी नाइट.

चालू: आय ॲम पॉलिशिंग माय शूज. ब्रश आत्ता हातात आहे.

पूर्ण: आय हॅव पॉलिश्ड माय शूज. काम झाले आहे आणि चमक आत्ता दिसते आहे. मराठीत: मी बूट पॉलिश केले आहेत.

चालू पूर्ण: आय हॅव बीन पॉलिशिंग माय शूज फॉर ट्वेंटी मिनिट्स. वीस मिनिटांपासून पॉलिश करतोय, अजून चालूच आहे.

भूतकाळ

साधा: आय पॉलिश्ड माय शूज लास्ट नाइट. काल रात्री केले, विषय संपला.

चालू: आय वॉज पॉलिशिंग माय शूज व्हेन द बेल रँग. घंटा झाली तेव्हा काम चालू होते. पूर्ण झाले की नाही, हे हे वाक्य सांगत नाही.

पूर्ण: आय हॅड पॉलिश्ड माय शूज बिफोर द बेल रँग. भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी पॉलिश आधी झाले, घंटा नंतर.

चालू पूर्ण: आय हॅड बीन पॉलिशिंग माय शूज फॉर टेन मिनिट्स व्हेन द लाइट्स वेंट आउट. दिवे गेले तोपर्यंत दहा मिनिटे काम चाललेले होते.

भविष्यकाळ

साधा: आय विल पॉलिश माय शूज आफ्टर प्रेप. प्रेप संपल्यावर करीन.

चालू: आय विल बी पॉलिशिंग माय शूज ॲट नाइन. नऊ वाजता याल तर मी पॉलिश करत असेन.

पूर्ण: आय विल हॅव पॉलिश्ड माय शूज बाय टेन. दहापर्यंत माझे पॉलिश करून झालेले असेल.

चालू पूर्ण: बाय टेन, आय विल हॅव बीन पॉलिशिंग देम फॉर ॲन अवर. दहा वाजता मला पॉलिश करत एक तास झालेला असेल. हे वाक्य क्वचितच लागते, पण ओळख असू द्यावी.

आता बाराही वाक्यांवरून पुन्हा नजर फिरवा. 'पूर्ण' जिथे आहे तिथे 'हॅव'च्या घराण्यातले कोणीतरी आहे. 'चालू' जिथे आहे तिथे 'पॉलिशिंग' आहे आणि त्याच्या आधी 'बी'च्या घराण्यातले कोणीतरी आहे, मग ते ॲम असो, वॉज असो वा बीन. 'चालू पूर्ण'मध्ये ही दोन्ही घराणी एकत्र येतात. एवढे कळले की बारा वेगवेगळे धडे उरत नाहीत.

भूतकाळाची खूण एकदाच

नकार आणि प्रश्नात सर्वांत जास्त लाल शाई खर्च होते. आय डिड नॉट पॉलिश्ड, हे वाक्य चूक आहे. 'डिड' आला की भूतकाळाची खूण त्याने स्वतःवर घेतली. मग क्रियापद मूळ रूपात येते: आय डिड नॉट पॉलिश माय शूज. डिड यू पॉलिश युवर शूज?

'डज'चेही तसेच. वर्तमानकाळातला 'एस' त्याने घेतला की 'पॉलिशेस'चा 'पॉलिश' होतो: ही डज नॉट पॉलिश हिज शूज.

गार्ड ड्यूटीवर एक जण उभा राहिला की दुसऱ्याने त्याच जागी उभे राहायची गरज नसते. एवढे आठवले तरी नियम आठवतो.

मराठीमुळे होणारे तीन घोटाळे

इथपर्यंत मराठीने मदत केली. केले, केले आहे, केले होते, हे तिन्ही फरक आपल्याला जन्मापासून येतात आणि इंग्रजीतही ते जवळजवळ तसेच आहेत. पण तीन जागी मराठी थोडी सैल आहे आणि इंग्रजी कडक.

पहिला घोटाळा 'होते'चा. आपण सहज म्हणतो, "मी काल बूट पॉलिश केले होते." आणि त्याचे इंग्रजी करतो, आय हॅड पॉलिश्ड माय शूज यस्टरडे. मराठीत 'होते' नुसतेच जुनी गोष्ट सांगायलाही चालते. इंग्रजीत 'हॅड'ला भूतकाळातली दुसरी गोष्ट लागते, जिच्या आधी हे घडले. ती नसेल तर साधे म्हणावे: आय पॉलिश्ड माय शूज यस्टरडे. त्याचप्रमाणे 'यस्टरडे', 'लास्ट नाइट' असा संपलेला वेळ सांगितला की 'हॅव'ही चालत नाही.

दुसरा घोटाळा 'पासून'चा. "मी अर्ध्या तासापासून पॉलिश करतोय" यात मराठी वर्तमानकाळ वापरते, म्हणून आपण लिहितो, आय ॲम पॉलिशिंग सिन्स हाफ ॲन अवर. काम मागे सुरू होऊन आत्तापर्यंत आले असेल तर इंग्रजीला 'हॅव बीन' हवे: आय हॅव बीन पॉलिशिंग फॉर हाफ ॲन अवर. किती वेळ ते सांगायचे असेल तर 'फॉर', कधीपासून ते सांगायचे असेल तर 'सिन्स'. फॉर थर्टी मिनिट्स, पण सिन्स एट ओ'क्लॉक.

तिसरा घोटाळा सर्वांत गोड आहे, तो म्हणजे 'आलोच'. घरून हाक आली की आपण जागचे न हलता म्हणतो, "आलो!" जेवायला बसायच्या आधी आई फोनवर सांगते, "झालंच माझं." रूप भूतकाळाचे, अर्थ भविष्यकाळाचा, आणि मराठी माणसाला ते बरोबर कळते. पण एक बूट अजून तसाच असताना "झालंच" या शब्दाचे भाषांतर आय हॅव पॉलिश्ड माय शूज असे केले, तर ते व्याकरणाने बरोबर आणि अर्थाने खोटे होते. तिथे म्हणायचे: आय ॲम स्टिल पॉलिशिंग. आय विल फिनिश इन टू मिनिट्स.

हे एवढे महत्त्वाचे का

गुणांसाठी महत्त्वाचे आहेच. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताचा पेपर ३०० गुणांचा आणि सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची असते. त्या ६००पैकी २०० गुण इंग्रजीचे असतात.

पण मला गुणांपेक्षा दुसरे कारण मोठे वाटते. आपल्याला पुढे ज्या कामाला जायचे आहे तिथे एकाने सांगितलेल्या वाक्यावर दुसरा पाऊल उचलतो. समजा ट्रेकवर पहिली तुकडी ओढ्यापाशी पोहोचली आहे आणि तिचा लीडर मागच्या तुकडीला वायरलेसवर कळवतो. वी आर क्रॉसिंग म्हणाला तर मुले अजून पाण्यात आहेत, मागच्यांनी थांबायचे. वी हॅव क्रॉस्ड म्हणाला तर सगळे पलीकडे आहेत, मागच्यांनी निघायचे. वी विल क्रॉस म्हणाला तर अजून कोणी पाण्यात पायही घातलेला नाही. 'क्रॉस' हेही पॉलिशसारखेच नियमित क्रियापद आहे. बदलले ते एक-दोन छोटे मदतनीस शब्द, आणि तेवढ्यावर मागची दहा मुले पाण्यात उतरणार की काठावर थांबणार हे ठरते.

म्हणून ज्युनिअर मित्रांनो, टेन्स ही इंग्रजी येणाऱ्यांची ऐट समजू नका. काम झाले, चालू आहे की व्हायचे आहे, हे खरे खरे सांगण्याचे ते साधन आहे. आणि खरे सांगायला उच्चार झकपक असावा लागत नाही. हात वर करा, मनात मराठी वाक्य आणा, स्वतःला विचारा: झाले की चालू आहे? आत्ता की तेव्हा? मग योग्य मदतनीस आपोआप सापडेल. वर्गात कोणी हसले तर हसू द्या. त्यांच्यापैकी कितीजणांना चप्पल 'केली', बूट 'केला' आणि बक्कल 'केले' हे सांगता येईल, ते एकदा विचारून बघा.

आज रात्रीचा सराव

ब्रश हातात घेऊन पुढची सहा वाक्ये इंग्रजीत म्हणा. उत्तरे झाकून ठेवा.

१. मी रोज सकाळी परेडला रिपोर्ट करतो.
२. मी काल डॉक्टरांकडे रिपोर्ट केले होते.
३. तो एका तासापासून मार्च करतोय.
४. त्याने सॅल्यूट केला नाही.
५. हाउस मास्टर यायच्या आधीच आम्ही खोली साफ केली होती.
६. पॉलिश झालंच, दोन मिनिटं! (एक बूट बाकी आहे.)

उत्तरे:

१. आय रिपोर्ट फॉर परेड एव्हरी मॉर्निंग.
२. आय रिपोर्टेड टु द डॉक्टर यस्टरडे. (दुसरी गोष्ट नाही, म्हणून 'हॅड' नाही.)
३. ही हॅज बीन मार्चिंग फॉर ॲन अवर.
४. ही डिड नॉट सॅल्यूट.
५. वी हॅड क्लीन्ड द रूम बिफोर द हाउस मास्टर केम. (इथे दोन गोष्टी आहेत, म्हणून 'हॅड' हवा.)
६. आय ॲम स्टिल पॉलिशिंग. आय विल फिनिश इन टू मिनिट्स.

सहावे वाक्य नीट पाठ करा. शनिवारी उपयोगी पडेल.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी